एका पानावरील दोन दिशा

मराठी अक्षर डावीकडून उजवीकडे चालते आणि हिब्रू अक्षर उजवीकडून डावीकडे, एवढा विरोध ध्यानात घेतला म्हणजे 1846 साली मुंबईत शिळाप्रेसवर छापलेल्या, हिब्रू मूळ आणि बालबोध मराठी अनुवाद एकत्र असलेल्या बेने इस्राएल ज्यूंच्या हग्गादेचे, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचावयाच्या पोथीचे, खरे अवघडपण कळते. शिळाछापात खिळे जुळवावयाचे नसत. चरबट शाईने लेखक लिहील तेच दगडावर उतरे, आणि म्हणून एका पानावर दोन दिशांचे वळण सांभाळण्याचा सारा भार लेखकाच्या मनगटावर पडे. पुढे पुण्यास 1874 साली निघालेल्या हग्गादेच्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडे नेसून जमिनीवर बसलेल्या दिसतात. कोकणात शतकानुशतके तेलाचा घाणा चालविणाऱ्या, शनवारी काम बंद ठेवणाऱ्या आणि राजपूरकर, किहीमकर अशी गावांची आडनावे लावणाऱ्या या समाजाला दोन लिप्यांचा हा शेजार मुळीच विलक्षण वाटला नसावा.

आणि तो शेजार वरवर दिसतो तितका विजोडही नाही. रोमन अक्षर तळरेषेवर उभे राहते. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकते. आणि हिब्रू धर्मग्रंथ लिहिणारा सोफेर चर्मपत्रावर रेघ आखून तिच्या खालीच अक्षर टांगीत जातो. कित्येक स्वरचिन्हेही दोन्हींकडे व्यंजनाच्या वरखाली बसतात. मात्र साम्य इथे संपते. आमच्याकडे भ आणि म, घ आणि ध यांतील भेद बव्हंशी माथ्यावर, शिरोरेषा तुटते की अखंड राहते यावर अवलंबून. उलट हिब्रूत बेत आणि काफ या अक्षरांचा माथा जवळपास एकच, आणि बेतच्या पायाशी उजवीकडे बाहेर डोकावणारा लहानसा कोपरा तेवढा त्यांना वेगळे करतो. हा कोपरा खिळा कोरणाराने जरा गोल केला की वाचक अडखळला.

म्हणूनच हिब्रू मुद्राक्षराचा अलीकडचा इतिहास हा सौंदर्याइतकाच स्पष्टतेचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय खिळ्यांत आडव्या रेघा अतिस्थूल आणि उभ्या अतिकृश झाल्या होत्या, त्यामुळे सगळी अक्षरे एकमेकांची भावंडे भासत. लाइपझिगचे हझान, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिरातील प्रार्थनागायक, राफाएल फ्रांक यांनी 1908च्या सुमारास हे वैषम्य सौम्य करून जो टंक सिद्ध केला, त्यावर पुढे कित्येक दशके हिब्रू ग्रंथ पोसले गेले. 1929 साली यान ले विट यांनी ‘हाइम’ नावाचा ठोकळेबाज, निरलंकार टंक काढला, आणि तोच पुढे मथळे व भित्तिपत्रके यांचा आवाज बनला. एलियाहू कोरेन यांनी तर 1962च्या बायबलसाठी स्वतः अक्षर रेखाटले, आणि सदृश अक्षरांची गल्लत होऊ नये हेच त्यांच्या रेखाटनाचे मुख्य प्रयोजन होते. आजच्या पिढीत यानेक इओन्तेफ यांनी फ्रांकच्याच टंकाला 2016 साली संगणकासाठी नवे रूप देऊन तो सर्वांस मोफत खुला केला. लिरोन लावी तुर्केनिच यांनी अरबीचा वरचा अर्धा आणि हिब्रूचा खालचा अर्धा जोडून दोन्ही वाचकांना एकाच वेळी वाचता येईल असे अक्षर घडविले. हे शेवटचे मला चातुर्याचे वाटते, नित्य उपयोगाचे नव्हे. परंतु कोणत्या लिपीचा प्राण अक्षराच्या कोणत्या भागात असतो, याचा एवढा रोखठोक पुरावा दुसरा मिळणे कठीण.

तथापि मला या साऱ्यात अधिक महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळीच आहे. इस्रायलमधील शाळकरी मूल चौकोनी छापील अक्षर वाचते आणि हाताने मात्र सर्वस्वी वेगळ्या, वळणदार अक्षरात लिहिते; ग्रंथाचे एक आणि वहीचे दुसरे, अशी दोन्ही रूपे त्या समाजाने टिकविली. आमच्याकडेही हीच वाटणी होती: पोथीला बालबोध, दप्तराला मोडी. मोडीचे खिळे पाडता येत नव्हते असेही नाही, कारण विल्यम कॅरे यांचा 1810चा मराठी कोश बंगालमधील श्रीरामपूरला मोडी खिळ्यांतच छापला गेला होता. परंतु छापखान्यांनी बालबोध स्वीकारले, जावजी दादाजींच्या निर्णयसागराने 1869 पासून त्याला जे देखणेपण दिले त्यापुढे मोडीचे हिशेबी रूप गावंढळ ठरले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास ती शाळेतून व कचेरीतून निघून गेली. सोय झाली, यात शंका नाही; पण सोयीची किंमत कोणी मांडली नाही.

ती किंमत मराठवाड्यातील तेरणाकाठच्या माकणीसारख्या गावात अधिक कळते. सप्टेंबर 1948पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली, राज्यकारभाराची भाषा उर्दू. म्हणजे वरिष्ठ कचेरीतील कागद उजवीकडून डावीकडे चालणारा आणि पाटील-कुळकर्ण्यांचा रुमालात बांधलेला कागद डावीकडून उजवीकडे धावणारा, मोडी. बेने इस्राएलांच्या हग्गादेत भक्तीपोटी घडलेले दोन दिशांचे साहचर्य इथे जमाबंदी आणि वतनाच्या निमित्ताने घडत होते. मोडीला 2014 साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले, तिचे टंकही उपलब्ध आहेत. पण एखाद्या वाटणीच्या तंट्यात आजोबांच्या पेटीतून निघालेला दस्त उलगडावा लागला, तर तो वाचणारा जाणकार गावात सहसा सापडत नाही, आणि वारसदार तो कागद घेऊन तालुक्याला, तेथून जिल्ह्याला हेलपाटे घालीत राहतात.