गर्दीचा कौल आणि बैलाचा धर्म

पडघ्याच्या आसपास मुंबई-नाशिक महामार्गालगतची भाताची खाचरं गेली आणि गोदामं उभी राहिली. जी शेती उरली तिथे नांगरटीला ट्रॅक्टर आला. अशा मुलखात बैल विस्मरणात जायला हवा होता. पण भिवंडी-कल्याण पट्ट्यात बैलांच्या बिनजोड शर्यतीला अजून माणसं लोटतात. पूर्वी शर्यतीत पळणारा बैल एरवी औताला जुंपलेला असे. त्याचा जोर म्हणजे घराचा जोर, आणि लोक तोच बघायला येत. आता बैल पोसला जातो तो शर्यतीसाठीच. त्याचं नाव गाजतं, मोबाइलवर त्याचे व्हिडिओ फिरतात, त्याच्या किमतीच्या गप्पा रंगतात. गर्दी तशीच आहे, तिचं कारण मात्र पार बदललंय. म्हणून ‘पूर्वापार चालत आलंय’ एवढ्या बळावर शर्यतीचं समर्थन करणं मला लंगडं वाटतं. परंपरेचाच दाखला हवा असेल तर तो पोळ्याचा घ्यावा: त्या दिवशी बैलाला धुतात, सजवतात, पुरणपोळी भरवतात आणि मानेवर जू ठेवत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी शर्यती थांबवल्या, 2017 मध्ये राज्याने कायदा बदलला आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तो बदल वैध ठरवला. परंपरा कोणती हे विधिमंडळाने ठरवावं, असं न्यायालयाचं म्हणणं. कायद्याच्या अंगाने ते बरोबर असेल. पण विधिमंडळ लोकांचा कल बघतं, आणि लोकांचा कल हा काही बैलाच्या वेदनेचा मापदंड नव्हे. काठी, चाबूक, टोचणी यांना नियमांत मनाई आहे, ती याच जाणिवेतून.

यावर शर्यतवाल्यांचं उत्तर वजनदार आहे: शर्यत बंद झाली तर खिल्लार बैल पोसणार कोण? खरंच, ट्रॅक्टरच्या काळात शर्यतवाल्यांइतकी बैलाची कदर दुसरं कोणी करत नाही. पण त्याच न्यायाने, उद्या लोकांचं मन दुसऱ्या खेळावर गेलं की बैल वाऱ्यावर! शिवाय ही कदर पळणाऱ्या बैलाची. पाय अधू झालेल्याचं काय? 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, म्हणजे त्याला मरेपर्यंत कोणीतरी सांभाळायलाच हवं. शर्यतीची परवानगी देताना बैलमालकाकडून एवढं तरी लिहून घ्यावं, की पळणं थांबल्यावर हा बैल कोणाच्या दावणीला राहील आणि त्याच्या वैरणीचा खर्च कोण उचलेल.