आमच्याकडून नाही

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई खुर्चीवर बसून अंघोळ करते. आमच्या बाथरूममध्ये खुर्ची एकाच कोपऱ्यात मावते, आणि शॉवर नेमका दाराजवळ, सात फुटांवर. हँड शॉवर आणून पाहिला, पण तिचा खांदा आखडलेला, हात वर धरवत नाही. म्हणजे बादली आणि पाणी ओतायला बाबा. "मला एकदा दार लावून एकटीने अंघोळ करायचीय रे," एवढंच ती म्हणाली होती.

शॉवर दोन फूट बाजूला आणि दीड फूट खाली आणायचा. प्लंबरने नऊ हजार आणि चार दिवस सांगितले. चार दिवस कशाला? तर म्हणे पाइप जोडल्यावर पाणी भरून एक रात्र उघडा ठेवायचा, मगच भिंत बुजवायची. मला वाटलं, बिल वाढवायचे धंदे. मी इंजिनिअर माणूस, व्हिडिओ पाहिले, भाड्याने ग्राइंडर आणला, अर्ध्या इंचाचा सीपीव्हीसी पाइप, दोन एल्बो, एक ब्रास एल्बो आणि सॉल्व्हंटचा डबा घेतला, आणि शनिवारी सकाळी टाइल्स कापायला सुरुवात केली.

खरं सांगतो, मजा आली. दिवसभर स्क्रीनवर हलणाऱ्या गोष्टी हलवणाऱ्याला भिंतीतून खरोखरची धूळ निघताना फार बरं वाटतं. डायव्हर्टरच्या वर फूटभर अंतरावर पाइप कापला, एल्बो टाकून आडवा नेला, पुन्हा वर, साडेपाच फुटांवर ब्रास एल्बो. सॉल्व्हंट सुकू दिलं. संध्याकाळपर्यंत सगळं बसलं. मग ब्रास एल्बोच्या तोंडाला प्लग लावला आणि पाणी सोडलं. प्लंबरचा सल्ला मानून नाही, फक्त मिरवण्यापुरता फोटो काढायचा होता म्हणून.

गच्चीवरची टाकी आमच्यापासून साधारण बारा मीटर वर आहे. दर दहा मीटरला अंदाजे एक बार, म्हणजे त्या पाइपात सव्वा बारच्या आसपास दाब. रात्री साडेअकराला सहज खालच्या एल्बोवर टिश्यू पेपर गुंडाळला. अर्ध्या तासाने त्यावर हरभऱ्याएवढा ओला डाग होता.

कारण लगेच कळलं. कापलेल्या पाइपातून थोडं थोडं पाणी झिरपत होतं आणि मी ते नीट पुसलं नव्हतं. ओल्या पाइपवर सॉल्व्हंट धरत नाही. थ्रेडचा जोड असता तर टेफ्लॉन टेप काढून पुन्हा गुंडाळली असती. हा जोड मात्र कापूनच काढावा लागतो. नवा एल्बो, पुन्हा वाळवणं, पुन्हा रात्र. रविवारी आईला शॉवर मिळणार असं मी कबूल केलं होतं.

मग माझ्या डोक्याने जे केलं ते लिहिण्यासारखं आहे. त्याने सांगितलं की डायव्हर्टरच्या पुढच्या पाइपात फक्त अंघोळ चालू असतानाच टाकीच्या दाबाचं पाणी असतं. दहा मिनिटं, फार तर पंधरा. शिवाय वापरताना शॉवरचं तोंड उघडं, म्हणजे प्लग लावल्यावर असतो तेवढा दाबही नाही. वर एम-सील थापलं तर हा डाग बहुधा बंदच होईल. आणि आई चार महिने थांबली आहे. यातला एकही मुद्दा खोटा नाही, आणि म्हणूनच मला भीती वाटली.

कारण तीन वर्षांपूर्वी आमच्या बाथरूमच्या छताला ओल आली होती. आम्ही वरच्या मजल्यावर गेलो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडलो. त्यांचं एकच उत्तर, "आमच्याकडून नाही." शेवटी छत आम्हीच रंगवलं. इतकी वर्षं मी त्यांना खोटारडे समजत होतो. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, ते प्रामाणिक असतील. त्यांना खरंच वाटत असेल की आपल्याकडून नाही.

मग प्रामाणिकपणा पुरतो का?

क्लिफर्ड नावाच्या इंग्लिश गणितज्ञाने १८७७ साली 'द एथिक्स ऑफ बिलीफ' या निबंधात एका जहाजमालकाची गोष्ट मांडली. जहाज जुनं आहे, याला शंका आहे, पण तो स्वतःला पटवत जातो की इतक्या सफरी झाल्या, हीही होईल. पटतंही. जहाज बुडतं. क्लिफर्डचं म्हणणं, त्याचा विश्वास खरा होता याने काही बदलत नाही, कारण शंका तपासायची सोडून त्याने ती दाबून टाकली. जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तितकाच दोषी. कॉलेजात वाचलं तेव्हा हे मला अतिरेकी वाटलं होतं. रात्री बारा वाजता हातात ओला टिश्यू असताना तसं वाटलं नाही.

ऑफिसात माझ्या चुकीवर माझं नाव असतं. कोणती ओळ कुणी, कधी लिहिली, सगळं निघतं. भिंतीत असलं काही नाही. सिमेंट फासलं की झाकली मूठ. आपण म्हणतो, जनाची नाही तर मनाची तरी बाळगा. म्हणजे लोक नसले तरी मन आहेच, असा हिशोब. पण माझं मन त्या रात्री माझ्याच बाजूने वकिली करत होतं, आणि फी न घेता. अडवलं ते मनाने नाही, टिश्यूने. तो गुंडाळला नसता तर मीही दोन वर्षांनी खालच्या काकूंना तोंड भरून सांगितलं असतं, आमच्याकडून नाही. आणि खरं बोलतोय असंच मला वाटलं असतं. म्हणजे प्रश्न खोटं बोललो का हा नाहीच. बघायची संधी असताना बघितलं का, हा आहे.

सकाळी आईला सांगितलं. मला वाटलं समजून घेईल. ती चिडली. "प्लंबरला बोलावलं असतं तर झालं असतं," म्हणाली. बरोबरच होतं. तिचे चार दिवस गेले ते माझ्या हौसेपायी. माझ्या नीतीची किंमत तिने मोजली, बादलीने.

एल्बो कापला. या वेळी जोडायच्या आधी पाइपात पाव ठेचून कोंबला. तो आतलं पाणी धरून ठेवतो आणि नंतर प्रवाहाबरोबर निघून जातो. ही युक्ती त्याच प्लंबरने फोनवर सांगितली. रात्रभर कोरडा टिश्यू. बुजवण्याआधी भिंतीला टेप लावून फोटो काढले आणि घरच्या ग्रुपवर टाकले, उद्या कुणी खिळा ठोकायला गेला तर.

मग खाली काकूंकडे गेलो. "वर पाइप हलवलाय. छताला कधी ओल दिसली तर आधी मला सांगा."

काकूंनी आधी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय रे, गळतंय का?"