अहर्गण आणि परतणारा दिवस

दोन तारखांमधील दिवस मोजणारी संगणकाची आज्ञावली एका गृहीतावर उभी असते, ते असे की सर्व दिवस सारखेच असून एखाद्या ठरावीक आरंभापासून प्रत्येकाला केवळ एक क्रमांक आहे. अनेक संगणकप्रणाली हा आरंभ १ जानेवारी १९७० मानतात. दोन्ही तारखांचे क्रमांक काढून एकातून दुसरा वजा केला की उत्तर हाती येते. भारतीय ज्योतिषाला ही रीत मुळीच परकी नाही. आरंभापासून इष्ट दिवसापर्यंत लोटलेल्या दिवसांच्या संख्येला तेथे अहर्गण म्हणतात, आणि ग्रहांची स्थाने व तिथी यांचे गणित तिच्यावरूनच केले जाते. कलियुगाच्या आरंभापासूनचा अहर्गण लाखांच्या घरात जात असल्यामुळे कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ च्या ‘ग्रहलाघवा’त अकरा वर्षांचे, म्हणजे ४०१६ दिवसांचे, चक्र कल्पून ती संख्या हातगणिताला पेलेल एवढी लहान केली, आणि महाराष्ट्रातील पंचांगकर्त्यांनी पुढे कित्येक पिढ्या याच ग्रंथाचा आधार घेतला.

पवित्र दिवस आणि कोरडी मोजणी यांत विरोध आहे, हा समज त्यामुळे टिकत नाही. खरा प्रश्न निराळा आहे: गेलेला दिवस दरवर्षी परत येतो, या म्हणण्याला अर्थ कोणता? वैशेषिक दर्शन काळाला एक, नित्य आणि सर्वव्यापी द्रव्य मानते. दिवस, मास, वर्ष हे भेद काळाचे स्वतःचे नसून उपाधींमुळे, म्हणजे सूर्याच्या गतीसारख्या बाहेरून जोडल्या जाणाऱ्या निमित्तांमुळे, व्यवहारात येतात. या मताने पाहता दिवस परतत नाही, परतते ती उपाधी. तारीख पाळणारा सूर्याची उपाधी धरतो. तिथी पाळणारा सूर्य-चंद्रांतील अंतराची, कारण चंद्राला सूर्यापासून बारा अंश पुढे जाण्यास लागणारा काळ म्हणजे तिथी, आणि तो सुमारे एकोणीस तासांपासून सव्वीस तासांपर्यंत कमीजास्त होतो.

हा भेद केवळ शाब्दिक नाही, हे २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात असलेल्या आणि आता आसिफाबादकडे गेलेल्या जोडेघाटावरून दिसते. जल, जंगल आणि जमीन यांच्या हक्कासाठी निजामाच्या सत्तेशी लढताना १९४० मध्ये तेथे धारातीर्थी पडलेले गोंड नेते कुमरम भीम यांचे पुण्यस्मरण आश्विन पौर्णिमेला होते. गणिताने त्या वर्षीची आश्विन पौर्णिमा बुधवारी, १६ ऑक्टोबरला येते. पुष्कळ ठिकाणी मात्र त्यांच्या मृत्यूची तारीख २७ ऑक्टोबर छापलेली आढळते, आणि तोवर पौर्णिमा उलटून अकरा दिवस झाले होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणे शक्य नाही, एवढे वजाबाकी निःसंशय सिद्ध करते. कोणती खरी, हे ती सांगू शकत नाही. तरीही जेथे दफ्तर सत्तेच्या हाती होते, तेथे पूर्ण चंद्राच्या रात्रीची लोकस्मृती कागदावरील आकड्यापेक्षा कमी विश्वसनीय ठरवण्याचे कारण नाही. या पौर्णिमेपासून १७ ऑक्टोबर २०२४ च्या आश्विन पौर्णिमेपर्यंत ३०,६८२ दिवस, म्हणजेच १०३९ चांद्रमास होतात. चौऱ्याऐंशी वर्षांचे महिने १००८ च भरतात, उरलेले ३१ हे क्षयमास वजा जाता शिल्लक राहिलेले अधिकमास होत. तारखेने एका दिवसाचाच फरक दिसतो, पण ही भेट घडण्यासाठी पंचांगाला मध्ये एवढे महिने भरीला घालावे लागले.

उपाधी निश्चित झाली तरी तिचा कोणता भाग धरायचा, हे उरतेच. इंद्रवेल्लीजवळच्या केस्लापूरला मेसराम कुळाचे गोंड पायी आणलेल्या गोदावरीच्या पाण्याने नागोबाची महापूजा पौष अमावास्येच्या रात्री करतात. २०२५ मध्ये ही अमावास्या २८ जानेवारीच्या सायंकाळी लागून २९ च्या सायंकाळी संपली. म्हणून सूर्योदयाची तिथी प्रमाण मानणारी आज्ञावली २९ हाच दिवस दाखवील, तर पूजा २८ च्या रात्रीची. येथे गणित कोणाचेच चुकलेले नाही. सूर्योदयाऐवजी रात्र धरावी, हा नियम आज्ञावलीत एका ओळीने घालता येतो, परंतु तो काढावा लागतो तो कुळाच्या आचारातून, कारण चंद्रसूर्यांच्या कोणत्याही अंतरात तो लिहिलेला नाही.