रोख आणि उधार

स्वस्त वस्तू घेणे हे पाप आहे काय? दिवाळी तोंडावर आली, तरी आमच्या मोर्शीत हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारीत नाही. पण अमरावतीच्या डी-मार्टमधून फुगवून आणलेल्या पिशव्या घेऊन एस. टी.तून उतरणारा माणूस पेठेतल्या वाण्याची नजर चुकवून घरी जातो, तेव्हा त्याच्या मनाने तो विचारलेला असतोच.

प्रथम या माणसाची बाजू ऐकली पाहिजे. मी शाळामास्तर आहे. महिनाअखेरची ओढाताण मला कोणी समजावून सांगावयास नको. तेलामागे, साखरेमागे, साबणामागे चार-चार रुपये वाचले, तर पोरांच्या वह्या त्यातून निघतात. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एस. टी.चे तिकीट अर्धे झाले, आणि पन्नासएक किलोमीटरचा हा फेरा अधिकच परवडू लागला. अशा गृहिणीला गावाच्या अभिमानाचे प्रवचन देणे म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने दानधर्म करणे होय.

मग ही स्वस्ताई येते कोठून? २००२ साली मुंबईत पवईला पहिले डी-मार्ट उघडणाऱ्या राधाकिशन दमाणींची रीत सरळ आहे. शक्यतो जागा स्वतःच्या मालकीची घ्यावयाची, म्हणजे भाडे नाही; सजावट बेताची; माल रोज खपेल असाच; आणि पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करून त्याबदल्यात भाव उतरवून घ्यावयाचा. गिऱ्हाइकाचा पैसा हातोहात आणि पुरवठादाराचाही फार न रखडता. थोडक्यात, ही स्वस्ताई रोखीची आहे.

आता वाण्याचा चढा भाव पाहा. त्यात त्याचा नफा आहे, क्वचित आळस आणि लबाडीही आहे. तिची भलावण मी करणार नाही. पण त्यात आणखी एक गोष्ट असते, जी तराजूत दिसत नाही. ती म्हणजे थांबण्याची किंमत. आमचा मुलूख कापसाचा आणि संत्र्याचा. मृगात पेरणी करणारा माणूस पैशाचे तोंड पाहतो ते दिवाळीच्या मागेपुढे, कापूस घरात आल्यावर किंवा आंबिया बहराचा बगीचा व्यापाऱ्याला दिल्यावर. मधले चार महिने त्याची चूल पेटते ती वाण्याच्या वहीवर. फळगळ झाली, बोंडे सडली, की ते पान पुढल्या सालावर जाते. मोठ्या दुकानात हजार वस्तू मिळतील, पण ‘चुकाऱ्याचे आले की देतो’ हे वाक्य तेथल्या यंत्राला कळत नाही. २०२० साली टाळेबंदीत एस. टी. थांबली, तेव्हाही पीठमीठ मिळाले ते गल्लीतल्याच दुकानात.

तेव्हा पाप स्वस्त घेण्यात नाही. पाप आहे ते रोख शहराला आणि उधार गावाला देण्यात. रोखीचा लाभ आपण उचलावा आणि थांबण्याचा भार मात्र वाण्याने वाहावा, हा व्यवहार न्यायाचा नव्हे. शिवाय त्याचा दंड आपण भरतच नाही. वाण्याने दुकानाला कुलूप लावले, तर माझ्यासारख्या पगारदाराचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते शेतमजुराचे, ज्याला उधारीवाचून गत्यंतर नाही. पगारदार पहिल्या तारखेला ज्या नोटा गल्ल्यात टाकतो, त्यांच्याच जोरावर वाणी मजुरासाठी थांबू शकतो. एकाची रोख ही दुसऱ्याची उधारी असते. दोघांची ओळखही नसेल, पण हे नाते खरे आहे.

यासाठी मी कोणाला शपथ घालीत नाही. अमरावतीला खुशाल जावे. मात्र ज्याची वही आपण अडचणीत उघडली, त्याच्या गल्ल्यात आपल्या सुबत्तेतलाही काही पैसा पडावा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी वहीची पूजा करतो. त्याआधी आपल्या नावाचे पान चुकते करून यावे, आणि फराळाचा रवा-बेसन तरी तेथूनच आणावा. वाण्यावर उपकार म्हणून नव्हे. ज्या शेजाऱ्याला महिन्याचा पगार नाही, त्याची चूल भर पावसाळ्यात पेटती राहावी म्हणून.