सहल, यात्रा आणि कचारगडची गुहा

एकाच जागी एक जण सहलीला येतो आणि दुसरा यात्रेला. वाट तीच, चढ तोच, दमछाकही तीच. मग दोघांत फरक कशाचा? गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. पावसाळ्यात दरेकसा स्थानकाजवळचा हाजरा फॉल पाहायला मित्रांची टोळकी मोटारसायकलींवर येतात आणि जमलेच तर त्याच फेरीत कचारगडही ‘करून’ जातात. माघ पौर्णिमेला त्याच डोंगरावर विदर्भ, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणातून गोंड समाजाची माणसे जमतात. पायथ्याच्या धनेगावात सप्तरंगी झेंडे दिसतात, ‘जय सेवा’ असा पुकारा होतो.

गोंड परंपरेनुसार कली कंकाली या मातेची 33 मुले कचारगडच्या गुहेत कोंडली गेली होती. तोंडावर प्रचंड शिळा होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांच्या सुटकेचा ध्यास घेतला. हिरासुका पाटालीर या वादकाने बाहेर वाद्य छेडले. त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ आले, त्यांनी शिळा ढकलली. पण घरंगळणाऱ्या शिळेखाली हिरासुका चिरडला गेला. सुटलेल्या मुलांना लिंगोने शिकवण दिली आणि त्यातून कोया पुनेम, म्हणजे गोंडांचा धर्म, उभा राहिला. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी नोंदवलेले लिंगोचे कथागीत त्यांच्या मृत्यूनंतर 1866 मध्ये छापले गेले. त्यातही गोंडांना गुहेत कोंडल्याची कथा येते. मात्र तपशील वेगळे आहेत. पुढे मोतीरावण कंगाली यांनी गोंडी पुनेमावर विस्ताराने लिहिले.

यात्रा आणि सहल यांतला फरक हेतूचा आहे, हे पहिले उत्तर. यात्रेकरू श्रद्धेने येतो, पर्यटक मौजेखातर. पण हे उत्तर फार टिकत नाही. यात्रेकरूही फोटो काढतो, जत्रेत खरेदी करतो, सोयऱ्यांना भेटतो. आणि मौजेला आलेला मित्र गुहेच्या अंधारात आपसूक आवाज खाली आणतो. हेतू दोघांचेही मिसळलेले असतात.

श्रद्धा हवी, हे दुसरे उत्तर. तेही अपुरे पडते. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात ‘फ्रीडम ट्रेल’ नावाची सुमारे चार किलोमीटरची वाट फुटपाथवरच्या तांबड्या रेघेने दाखवली आहे. मित्रमंडळी त्या रेघेवरून 16 ऐतिहासिक ठिकाणे पाहत फिरतात. त्यांतले ओल्ड नॉर्थ चर्च 1723 मध्ये बांधायला घेतले. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या तोंडावर, इंग्रजी फौज निघाल्याचा इशारा 18 एप्रिल 1775 च्या रात्री त्याच्या मनोऱ्यावर कंदील लावून दिला गेला. तिथे आजही रविवारची प्रार्थना होते. पण प्रार्थना न करणारा अमेरिकनही त्या मनोऱ्याखाली निव्वळ पाहुणा नसतो. तिथल्या इतिहासाचे तो देणे लागतो.

फरक इथे सापडतो. सहलीला गेलेल्या माणसाचा जागेवर हक्क असतो: पैसे, वेळ आणि श्रम खर्चून तो काही तरी ‘पाहून’ घेतो. यात्रेकरूवर मात्र जागेचा हक्क असतो. कचारगडला येणारा गोंड माणूस एका वादकाचे ऋण मान्य करायला येतो. म्हणून ‘गुहेत पाहण्यासारखे काय आहे?’ हा प्रश्न पर्यटकाला पडतो, यात्रेकरूला पडत नाही. अनेक तीर्थांत भाविक गाभाऱ्याकडे, आत आत जातो. कचारगडची कथा मात्र बाहेर येण्याची आहे. तिचा गाभा गुहेच्या तोंडाशी आहे, जिथे शिळा हटली आणि उजेड आत आला.

याचा अर्थ पर्यटकाने येऊ नये असा नाही. ऋण रक्ताने येते तसे ज्ञानानेही येते. हिरासुकाची गोष्ट ठाऊक असलेला परका मित्रही त्या तोंडाशी क्षणभर थांबेल, भिंतीवर नाव कोरणार नाही, बाटली टाकून जाणार नाही. तो यात्रेकरू होणार नाही, पण नुसता प्रेक्षकही राहणार नाही. म्हणून कचारगडला जाणाऱ्याने चढ सुरू करण्याआधी धनेगावात कुणाकडून तरी ही कथा ऐकून घ्यावी.