पहिली तबकडी

पहिली तबकडी कुठली घेतलीत, असं कुणालाही विचारून पाहा. गृहस्थ आधी किंमत सांगतो, मग दुकान आणि शेवटी गाणं! तेव्हा मला प्रश्न पडतो: गाणं आवडतं म्हणून आपण पैसे मोजतो, की पैसे मोजले म्हणून गाणं आवडतं?

७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तेवढ्यात अब्दुल करीम खाँसाहेब झिंझोटी उभी करीत. माझी पहिली खरेदी तीच. तीही जुन्या बाजारातली. पहिल्या दिवशी काही म्हणता काही कळलं नाही. पण पैसे गेले होते! ते वसूल व्हावेत म्हणून रोज लावत गेलो, आणि विसाव्या खेपेला अचानक डोळ्यांत पाणी आलं.

आता खिशातल्या फोनवर कोट्यवधी गाणी. दहा सेकंदांत मनात भरलं नाही, की अंगठा पुढे सरकतो. यात स्वातंत्र्य आहे, नाही कोण म्हणतो? पण विसाव्या खेपेपर्यंत थांबायची सक्ती करणार कोण? प्रेम बहुधा निवडीतून जडत नाही. दुसरं काही परवडत नाही, त्यातून जडतं.

एवढं सौ.ना वाचून दाखवलं. "आपल्या लग्नाविषयी लिहिलंय वाटतं?" म्हणाल्या, आणि चहा टाकायला गेल्या.