नीलांजना गेली हे कुणी पाहिलं?

नीलांजनेची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकींनी पंचकल्याणकात पाहिलेली असते. ऋषभदेवांच्या सभेत ती नाचते, नाचता नाचताच तिचं आयुष्य संपतं, आणि रसभंग होऊ नये म्हणून इंद्र त्याच क्षणी तिच्यासारखीच दुसरी उभी करतो. ताल चुकत नाही. सभेला काही कळत नाही. कळतं ते एकट्या ऋषभदेवांना, आणि तिथून त्यांचं वैराग्य सुरू होतं. प्रवचनात या गोष्टीतून आयुष्याची क्षणभंगुरता सांगतात, ते बरोबरच आहे. मला मात्र त्यातला इंद्र बरीच वर्षं खटकतो. एकीच्या जागी दुसरी इतक्या सफाईनं उभी करायची, की गेलेलीची आठवणही कुणाला होऊ नये. याला कौशल्य म्हणायचं की पाप?

मार्गारेट केली या बाईंबद्दल वाचताना हा प्रश्न पुन्हा डोक्यात आला, कारण हेच काम त्यांनी जन्मभर केलं. पॅरिसमध्ये त्यांना सगळे ‘मिस ब्लूबेल’ म्हणत. लहानपणी त्यांचे निळे डोळे पाहून डॉक्टरांनी ठेवलेलं ते लाडाचं नाव. जन्म १९१० चा, आयर्लंडमधल्या डब्लिनचा. आईनं तान्हेपणीच दूर केलं, आणि एका अविवाहित बाईनं लिव्हरपूलमध्ये वाढवलं. पाय अशक्त म्हणून नाच शिकायला घातलं. चौदाव्या वर्षी शाळा सोडून नाचाच्या कंपनीत गेल्या. पुढे बर्लिन, मग पॅरिसचं फॉली बेर्जेर थिएटर, आणि १९३२ मध्ये स्वतःचा ताफा, ब्लूबेल गर्ल्स.

त्यांचे कार्यक्रम रिव्ह्यू या प्रकारातले. त्याला कथानक असं नसतं. नाच, गाणी, देखावे, झगमगाट एकामागून एक येत राहतं. मधोमध उंच मुलींची रांग, डोक्यावर पिसांचे जड मुकुट, सगळ्यांचे पाय एकाच उंचीवर जाणारे. प्रेक्षकाला ती एक रांग दिसते, त्यातली एकेक मुलगी दिसत नाही. कुणी आजारी पडली तर सगळ्या जागा पाठ असलेली दुसरी तयारच असते. फरक कळला, तर नाच बसवणाऱ्याचं चुकलं! सुरुवातीला ताफ्याचे नाच मार्गारेटबाई स्वतः बसवत. महायुद्धानंतर पॅरिसच्या लिडोमध्ये त्यांना डॉन आर्डेन हे अमेरिकन नृत्यदिग्दर्शक मिळाले. भव्य देखावे त्यांचे. मुलींची निवड, तालीम आणि शिस्त बाईंची. १९५८ मध्ये दोघांनी हा सगळा थाट अमेरिकेत लास व्हेगासच्या स्टारडस्ट कॅसिनोत नेला, आणि तो तिथं १९९१ पर्यंत चालला.

कॅसिनो म्हणजे काय, हे पणजीला मांडवीतल्या बोटी पाहिलेल्यांना सांगायला नको. कॅसिनोची खरी कमाई जुगाराच्या टेबलावर. नाच ठेवायचा तो माणसं दारातून आत यावीत म्हणून. सप्तव्यसनांत पहिलं नाव द्यूताचंच आहे, आणि हे नाच त्याचं आमंत्रण होते. तिथं काही मुली अंग उघडं टाकून उभ्या असत. त्या वेगळ्या आणि नाचणाऱ्या ब्लूबेल वेगळ्या, ही रेघ बाईंनी बरीच वर्षं सांभाळली. पुढे ती पुसट होत गेली. म्हणजे, ‘काय तो धंदा!’ असं म्हणणाऱ्याला खोटं पाडायला माझ्याकडे काही नाही.

पण याच बाईंची दुसरी बाजू बघा. त्यांचे पती मार्सेल लायबोविची थिएटरातले पियानोवादक, मूळचे रुमानियाचे, ज्यू. १९३९ मध्ये लग्न झालं आणि त्याच वर्षी युद्ध पेटलं. जर्मनांनी पॅरिस घेतल्यावर ब्रिटिश पासपोर्ट असल्यामुळे बाईंना पोटुशी असताना छावणीत डांबलं. आयर्लंडच्या वकिलातीनं खटपट करून त्यांना सोडवलं. मार्सेल वेगळ्या छावणीत होते. तिथून ते निसटले आणि पॅरिसला आले. नंतर दोन वर्षांहून अधिक काळ बाईंनी त्यांना लपवून ठेवलं, जेवण पोचवलं, पोरं सांभाळली, जर्मन पोलिसांची चौकशी सोसली. जर्मन सैनिकांपुढे ताफा नाचवायला सांगितलं, तेव्हा नकार दिला. त्या वेळी आसपास रोज माणसं नाहीशी होत होती आणि शहर मात्र चालू होतं. थिएटरं भरत होती. मुली एकसारख्या दिसाव्यात यासाठी राबणाऱ्या या बाईंनी त्या काळात एका माणसाला नाहीसं होऊ दिलं नाही.

मुलींच्या बाबतीतही तसंच. पाहुण्यांच्या टेबलाशी जाऊन बसायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. प्रेक्षकाला रांग दिसायची, बाईंना मुली दिसायच्या. १९६१ मध्ये मार्सेल मोटार अपघातात गेले, तरी त्यांनी काम सोडलं नाही. थांबल्या त्या १९८६ मध्ये.

मग या माणुसकीनं धंदा शुद्ध होतो का? मला वाटतं, नाही होत. बाईंच्या मायेमुळे जुगारी हरायचा थांबला नाही. पण धंदा वाईट म्हणून माया खोटी, असंही म्हणता येत नाही. आपण दोन्ही एकाच तागडीत घालतो आणि एक आकडा मागतो, तिथंच घोळ होतो. हिशेब दोन आहेत, ते दोनच ठेवावेत. मात्र बाईंचा दोष म्हणून आपण जे बोट दाखवतो, ते जरा आपल्या घराकडेही वळवावं.

आपल्याकडे घरातली बाई गेली की काय होतं? सुतक फिटतं न फिटतं तोच बोलणी सुरू. ‘पुरुष माणूस किती दिवस एकटा राहणार? पोरांचं कोण बघणार?’ वर्षाच्या आत दुसरी येते. तीच चूल, तेच डबे, कधी कधी पेटीतल्या साड्याही त्याच. देवळातली पूजा चुकत नाही, चहाची वेळ चुकत नाही. ‘घर कसं सावरलं बघा,’ असं आपण कौतुकानं म्हणतो. पिसांचे मुकुट नाहीत एवढंच. रांग तुटू न देण्याची घाई तीच. आणि ही घाई पुरुषांपेक्षा आपल्या बायकांनाच जास्त असते. पोरांचं बघायला कुणीतरी लागतं, हे खरंच आहे. माझं भांडण दुसरी येण्याशी नाही. पहिलीचं नाव घेणं अपशकुनी ठरतं, त्याच्याशी आहे.

आमच्या नात्यातल्या एक अक्का अशाच दुसरेपणावर आल्या. आल्यावर महिन्याभरात त्यांनी माळ्यावर टाकलेला पहिलीचा फोटो खाली काढला, पुसला आणि सोप्यात लावला. सासूबाई म्हणाल्या, “कशाला उगीच? पोरं विसरलीत आता.” अक्का म्हणाल्या, “म्हणूनच.” पुढे मुलांना त्या ‘तुमची आई असं करायची’ म्हणून आधी तिच्या पद्धतीची आमटी करून घालत, मग आपल्या पद्धतीची.

इंद्रानं उभी केलेली दुसरी नर्तकी काही बोलली, असं गोष्टीत नाही. ती बोलली असती तर काय म्हणाली असती, हे मला अक्कांकडे बघून कळतं.